वेग कुणाकडून आला

अण्णा, आज दुपारी मलकापूरहून एक माणूस आपल्या मुलीला घेऊन माझ्या प्रयोगशाळेत आला होता. मुलगी शाळेच्या संघात फुटबॉल खेळणारी, मोजे घोट्यापर्यंत घसरलेले, खुर्चीत बसवली तरी पाय हलतेच. माणूस बुटका, अंगानं आडवा. मला म्हणाला, "सर, रक्तावरनं कळतंय म्हणं, पोरगी पुढं खेळंल का न्हाई ते. तेवढं बघून द्या." मी विचारलं, तिला खेळायला आवडतं का? "लय आवडतंय. पण माझं अंग उतरलं असलं तिच्यात, तर आत्ताच कळल्यालं बरं." हे बोलताना तो मुलीकडं बघत नव्हता, स्वतःच्या चपलांकडं बघत होता. ती दोघं गेल्यावर मी दार लोटून घेतलं. समोर कामं पडलेली होती, पण एकही हातात धरवेना. मग कागद घेतला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आपल्या दोघांत जे बोलायचं राहिलं ते त्या परक्या माणसानं येऊन माझ्या टेबलावर ठेवलं, असं वाटलं.

तुम्ही माधवनगरच्या गिरणीत माग दुरुस्त करायचात. पाळी सुटली की घरी न येता सायकल तशीच सांगलीकडं वळवायचात, मैदानाच्या कडेला लिंबाखाली ती उभी करायचात आणि कॅरियरला टेकून माझा सराव बघायचात. केसांत कापसाचे तंतू असायचे. तुमचा देह मला आजही नीट दिसतो. जाड पोटऱ्या, सपाट तळवे, रुंद कंबर, चालताना डावीउजवीकडं डुलणं. जत भागातल्या मेंढरं राखणाऱ्या घरातले तुम्ही, दिवसभर चालायला लावलं तर थकणार नाही, पण बस निघाली म्हणून पळा म्हटलं तर पुढच्या बसची वाट बघणारे. आणि मी असा, की पाय टेकतोय न टेकतोय तोवर पुढं गेलेला. गल्लीतल्या बायका विचारायच्या, "कुणावर गेलंय वं हे पोरगं?" आई भाकरी थापता थापता म्हणायची, "माझ्या भावावर." मामाला मी कधी पळताना पाहिलं नव्हतं. तरी मला ते उत्तर पटलं होतं. लहान असताना आई सांगते ते पटतंच.

फुटबॉलचे सर लष्करातून परत आलेले होते, पलटणीच्या संघात खेळलेले. आमच्यावर त्यांचा जीव होता, पण त्यांची एक पक्की समजूत होती. पोराला जागा ठरवून देण्याआधी ते त्याच्या बापाला मैदानावर बोलवायचे आणि वरपासून खालपर्यंत बघायचे. "पोराचं आजचं अंग खोटं असतं, बापाचं खरं," ते म्हणायचे. नव्वदनंतरची ती सुरुवातीची वर्षं होती, जीन हा शब्द आम्ही ऐकलाही नव्हता. सरांचा शब्द होता रक्त. ज्या दिवशी त्यांनी तुम्हाला सायकलीजवळून रेषेपर्यंत बोलावलं, तो दिवस मला आठवतो. तुम्ही चपला काढून उभे राहिलात, देवळात गेल्यासारखे. सरांनी तुमच्या पोटऱ्या बघितल्या, तळवे बघितले. "तुमी काय खेळत हुता का कवा?" तुम्ही हसलात. "मी? न्हाई वं सर. सायकलीवरनं उतरायलाबी मला वेळ लागतोय." सर हसले नाहीत. माझ्याकडं वळून म्हणाले, "हा दोन वर्षांत भरणार. आत्ताचा वेग जाणार. याला मागं खेळवू, बचावात. उद्यापास्नं सवय करू दे."

घरी येऊन मी परड्यात तोंड फिरवून बसलो. आईनं विचारलं तेव्हा रडत रडत सांगितलं, "सर म्हणतात मी अण्णांसारखा होणार. म्हणून मला गोल मारायचा न्हाई." तुम्ही मोरीत हात धूत होता. पाणी पडायचं थांबलं. एवढंच मला कळलं, कारण माझी पाठ होती तुमच्याकडं. त्यानंतर काही आठवडे मी मागं उभा राहिलो. चेंडू आमच्या गोलाकडं यायची वाट बघत उभं राहणं मला जमत नव्हतं. मी पुढं पळत सुटायचो आणि सर ओरडायचे, "वापस आव! तेरी जागा कुठं हाय?" तुम्ही लिंबाखाली उभे असायचात. सर ओरडले की सायकलीची घंटी उगीच पुसायचात.

मग एके दिवशी, काही न सांगता, सरांनी मला पुढं काढलं. उजव्या टोकाला. मला वाटलं माझी तगमग बघून त्यांना दया आली. साताऱ्याला शाळांच्या स्पर्धा होत्या, आम्ही लाल एसटीनं गेलो, आणि तिथं पाचगणीच्या एका निवासी शाळेशी आमची गाठ पडली. त्यांची मुलं उंच, बूट नवे, एकमेकांशी इंग्रजीत बोलणारी. अजिंक्यताऱ्याची सावली मैदानाच्या एका टोकावर आली होती आणि सामना बरोबरीत चालला होता. मधून चेंडू सुटतो, मी त्याच्यामागं सुटतो, त्यांचा गडी माझ्या खांद्याशी असतो, मग पाठीशी, मग त्याचा नुसता श्वास ऐकू येतो, मग तोही नाही. समोर फक्त गोलरक्षक. पुढचं काही आठवत नाही, चेंडू जाळ्यात गेला तेवढं आठवतं. सामना संपल्यावर सर पळत आले, मला कवेत घेतलं, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, "गड्या, तुझ्या बापाचे उपकार मान. त्यांनी येऊन सांगितलं नसतं की तू त्यांच्या रक्ताचा न्हाईस, तर मी तुला मागंच गाडला असता रं."

मला ठाऊक आहे असंच त्यांना वाटत होतं. माझा चेहरा बघून ते एकदम थांबले. त्यांचा हात माझ्या पाठीवर तसाच राहिला आणि हळूहळू जड झाला. परतीच्या एसटीत पोरं गाणी म्हणत होती. मी खिडकीशी बसलो होतो. कराड गेलं, पेठनाका गेला, कुणीतरी माझ्या हातात पेढा ठेवला, तो मुठीत चिकट झाला.

घरी पोचलो तेव्हा तुम्ही जेवायला बसला होता. आई चुलीपुढं. मी उंबऱ्यातच उभा राहून विचारलं, "मी कुणाचा?" आईच्या हातातली भाकरी तव्यावर पडली ती तिनं उलटलीच नाही. तुम्ही म्हणालात, "आधी हातपाय धू. जेव." मी हललो नाही. मग तुम्ही ताट बाजूला सारलंत आणि सांगितलंत. मिरजेच्या दवाखान्यात आईचं मूल जन्मतःच गेलं होतं. शेजारच्या कॉटवर एक बाई होती, एकटीच आलेली. मूल झालं आणि दुसऱ्या दिवशी ती वारली. तिच्या मागं कुणी आलं नाही. आईला दूध होतं आणि मूल रडत होतं, इतकं साधं ते होतं, असं तुम्ही म्हणालात. मी विचारलं, ती कशी होती? "उंच हुती. पाय कॉटच्या भाईर येत हुते. तेवढंच बघितलं बाबा. तोंडाकडं बघायचं धाडस झालं न्हाई."

"मग सरांना आधी का सांगितलंत? मला का न्हाई?"

"तुला पुढं खेळायचं हुतं न्हवं?" तुम्ही म्हणालात. "माझ्या पायांनी तुला मागं ठेवलं असतं. म्हणून गेलो. सरास्नी म्हटलं, माझ्याकडं बघू नगा, त्याच्याकडं बघा, त्यो माझा न्हाई." शेवटचे शब्द बोलल्यावर तुम्ही पुन्हा ताट ओढलंत आणि घास घेतलात. आई पदर तोंडाला लावून परड्यात गेली. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास घरभर झाला, आणि ती उतरवायला कुणीच गेलं नाही.

त्यानंतर तुम्ही मैदानावर आला नाहीत. पाळी बदलली, म्हणालात. खरंच बदलली होती का, मी कधी विचारलं नाही. मी उजव्या टोकाला पळत राहिलो आणि प्रत्येक वेळी रेषेजवळ पोचलो की नजर लिंबाकडं जायची. तिथं कधी कुणाची म्हैस असायची, कधी कुणीच नसायचं. घरी आपण एकमेकांशी जपून बोलायला लागलो, पाहुण्यांशी बोलतात तसं. तुम्ही माझ्या ताटात आधी वाढायला सांगायचात. मी तुमच्या चपला सरळ करून ठेवायचो. दोघांनाही काहीतरी सिद्ध करायचं होतं आणि ते चपला आणि भाकरीत होत नव्हतं.

मी फार पुढं खेळलो नाही, हे तुम्ही पाहिलंतच. विद्यापीठाच्या संघापर्यंत गेलो, मग मांडीचा स्नायू दोनदा फाटला आणि संपलं. शरीर असं का वागतं हे शिकायला गेलो, ते मात्र संपलं नाही. आता साताऱ्यात तेच शिकवतो, खेळाडू पोरांची रक्तं तपासतो. वेगाच्या स्नायूंत एक प्रथिन असतं, ते बनवणारा जीन आईकडून एक आणि बापाकडून एक असा येतो. काही माणसांत दोन्ही बिघडलेले असतात, त्यांच्यात ते प्रथिन बनतच नाही. फार वेगानं धावणाऱ्यांत ते बनवणारे जरा जास्त आढळतात. मी माझंही रक्त तपासलं. माझ्यात दोन्ही चांगले आहेत. म्हणजे कॉटबाहेर पाय येणाऱ्या त्या बाईनं एक दिला आणि कुठल्याशा एका पुरुषानं दुसरा. त्या दोघांबद्दल मला जगात एवढंच माहीत आहे.

पण अण्णा, ज्यासाठी लिहायला बसलो ते हे. त्या प्रथिनावरून एका पोराकडं बोट दाखवून काही सांगता येत नाही. चांगला जीन निदान एक तरी बहुतेक माणसांत असतो, कधी न पळालेल्यांतही. तुमच्यातही असेल. असे शेकडो जीन थोडं थोडं ओढतात, कुणी वेगाकडं, कुणी दमाकडं, कुणी दुखापतीकडं. त्यात पोर लवकर वाढतंय की उशिरा, काय खातंय, कोण शिकवतंय, हे सगळं मिसळतं. आणि बापाचं दिसतं तेवढंच पोरात उतरतं असंही नाही. मी तुमच्या रक्ताचा असतो तरी असाच पळू शकलो असतो. सर चुकले होते. तुम्हाला त्यांच्यापुढं जाऊन ते वाक्य बोलायची काही गरज नव्हती. मलकापूरच्या त्या माणसाला मी हेच सांगितलं, की तुमच्याकडं बघून तिचं काही ठरत नाही, तुम्ही फक्त तिचा खेळ बघायला जात जा. तो म्हणाला, "जातोय की रोज." मी म्हणालो, "मग सोडू नका." माझा आवाज जरा चढला असावा, कारण मुलगी दचकून माझ्याकडं बघायला लागली.

हे पत्र कुठं टाकणार. माधवनगरच्या घरात आता दुसरे लोक राहतात. आई गेल्यावर माझ्याशी आपल्या घरातली भाषा बोलणारं कुणी उरलं नाही, आणि मी लग्नही केलं नाही. संध्याकाळी खोलीवर येतो, कुकर लावतो, शिट्ट्या ऐकत बसतो. एक गोष्ट मात्र सांगून टाकतो. मध्यंतरी मला चक्कर आली म्हणून डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी रक्तदाब मोजला, वाढलेला होता. विचारलं, "घरात कुणाला होता का? वडिलांना वगैरे?" हा प्रश्न ते कशासाठी विचारतात हे मी वर्गात पोरांना शिकवतो. तरी म्हणालो, "हो, वडिलांना होता." त्यांनी मान हलवली, म्हणाले, "मग तुमच्याकडं तिकडूनच आला." मी त्यांना दुरुस्त केलं नाही. जिना उतरताना मला बरं वाटत होतं.