मागणीच्या निम्मं

३ मार्च, सकाळ
नवी वही सुरू. कारण घरात संकट आहे आणि घरात खंबीर माणूस मी एकटाच.
धाकटी बहीण पाचव्या महिन्यात आहे. नवरा जहाजावर, म्हणून आमच्याकडे राहते. काल तिने सांगितलं, पाठदुखीच्या गोळ्या दोन वर्षं सुटत नाहीयेत. लाँड्रीत ओल्या चादरींचे गठ्ठे उचलताना पाठ गेली. डॉक्टरने आठवड्यापुरत्या दिल्या, पुढे कोपऱ्यावरचा मेडिकलवाला देत गेला, ही घेत गेली. आता बाळाचं काय होणार म्हणून रडत होती.
निश्चय: तिला मी सोडवणार. उदाहरण घालून द्यावं म्हणून आजपासून माझा चहा बंद.

५ मार्च
डोकं ठणकतंय. चहाशी संबंध नसावा.
धाकटीला घेऊन प्रसूती विभागात गेलो. ते म्हणाले, व्यसनाचं इथे नाही, शेजारच्या इमारतीत जा. शेजारचे म्हणाले, पोटात बाळ आहे, आम्ही हात लावत नाही, प्रसूतीवाल्यांची चिठ्ठी आणा. परत गेलो, तर प्रसूतीवाले जेवायला गेले होते. मी काउंटरवर खणखणीत आवाजात विचारलं, बाळ तुमच्याकडे ठेवून बाई त्यांच्याकडे पाठवू का. शिपाई हसला. धाकटी हसली नाही.
कँटीनमध्ये एक चहा. औषध म्हणून.

११ मार्च
शहराच्या टोकाला एक व्यसनमुक्ती केंद्र सापडलं. दोन बस. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, गरोदर असली तरी देतो, गरोदर आहे म्हणून तर आधी देतो. रोज सकाळी नऊ ते दहा यायचं, जिभेखाली गोळी ठेवायची, विरघळेपर्यंत समोर बसायचं.
मी म्हणालो, म्हणजे गोळी सोडवायला गोळीच? त्या म्हणाल्या, एकदम तोडलं तर बाळाला धोका, आणि बाई पुन्हा जुन्या गोळ्यांकडे जाते. ही घेऊन बाई जेवते, झोपते, तपासणीला येते. जन्मल्यावर बाळ थोडे दिवस किरकिर करेल, त्यावर उपाय आहेत.
मग विचारलं, दादा, तुम्ही काही घेता? म्हणालो, बीपीची, बारा वर्षं. तर म्हणाल्या, मग कधी सोडताय?
प्रश्न विषयाला धरून नव्हता.

२६ मार्च
धाकटी जेवते, शांत झोपते. बाळाच्या टोपीसाठी लोकर आणलीय. माझ्या बोलण्याचा परिणाम.
आता केंद्र आठवड्याची डबी घरी देणार. अट एकच, घरातल्या जबाबदार व्यक्तीने डबी सांभाळायची. आमची ही म्हणाली, सही मी करते. मी पेन सोडलं नाही. चोवीस वर्षं बस डेपोच्या स्टोअरच्या किल्ल्या सांभाळणारा माणूस घरात असताना बाहेर कशाला बघायचं?

२८ मार्च
स्टोअरमध्ये शिकलेली एक गोष्ट कुठल्या डॉक्टरला ठाऊक नसते. माणूस मागतो त्याच्या निम्मंच त्याला लागतं. फिटर आठ नट मागतो, मी चार देतो, गाडी धावते. (ही म्हणते, म्हणूनच तुमच्या गाड्या वाटेत बसतात.)
आजपासून गोळी ब्लेडने निम्मी. बाळ यायच्या आत धाकटी मोकळी.
तिने विचारलं, अर्धीच का? म्हणालो, सिस्टरांनी सांगितलंय. हे खोटं नव्हे. मी नीट समजावलं असतं तर त्यांनी सांगितलंच असतं.

३१ मार्च
धाकटीला जांभया. नाक गळतंय. घाम. रात्रभर पाय झटकत होती म्हणे. शरीर स्वच्छ होतंय.
इच्छाशक्तीवर वीस मिनिटं बोललो. मध्येच उठून उलटी करून आली. राहिलेलं नंतर बोललो.
शिल्लक: चार अर्ध्या. चहा: तीन.

२ एप्रिल, दुपार
सकाळी धाकटी म्हणाली, दादा, पोट दगडासारखं होतंय. बाळ हललं नाहीये. आज अख्खी दे. हात जोडले तिने. मी डगमगलो नाही. स्टोअरच्या खिडकीशीही मागणारा शेवटी हात जोडतोच.
डबी कपाटात बंद करून किल्ली खिशात घातली आणि कामावर आलो. डेपोतच लिहितोय. अक्षर वाकडं येतंय. चहा कमी पडला असावा.

३ एप्रिल
हिच्याकडून कळलं ते असं. काल मी गेल्यावर धाकटी घराबाहेर पडली. कोपऱ्यावरच्या मेडिकलच्या पायरीवर बसली. मेडिकलवाल्याने विचारलं, ताई, नेहमीचं देऊ? पंधरा मिनिटं ती तिथेच बसून होती. मग उठली आणि दोन बस बदलून केंद्रात गेली.
सिस्टरांनी गोळी दिली, रिक्षात घालून प्रसूती विभागात नेलं, आणि चिठ्ठीबिठ्ठी काही न विचारता आत घ्यायला लावलं. बाळाचे ठोके लागले. कळा थांबल्या.
डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, महिने भरत येतात तसा डोस कधीकधी वाढवावा लागतो, आणि तुम्ही. एवढं म्हणून त्या बाळाचे ठोके बघायला वळल्या.
साठवलेल्या सहा अर्ध्या मी टेबलावर ठेवल्या. कुणी मोजल्या नाहीत.

६ एप्रिल
धाकटी घरी आली. फॉर्मवर आता हिची सही. डबी हिच्या शिलाई मशीनच्या खणात. त्या खणाची किल्ली मी मागितली नाही.
धाकटी माझ्याशी बोलत नाही. टोपी विणतेय. निश्चय: तिला समजावून सांगणार.

७ एप्रिल, सकाळ
बीपीच्या गोळीसाठी हात पुढे केला. हिने बशीत दिली. निम्मी.
उरलेली कुठे, असं विचारलं. आतून धाकटी म्हणाली, सिस्टरांनी सांगितलंय.
पाच दिवसांत पहिल्यांदा बोलली.
ती अर्धी गिळून मी बसून राहिलो. मान जड वाटते का, डोळ्यांपुढे अंधारतं का, ते बघत. वीस मिनिटांनी धाकटीच बाहेर आली, उरलेली अर्धी माझ्या तळहातावर ठेवून गेली.
पाणी यायचीही वाट न बघता गिळली मी.