सहा-पन्नासची फुंक

३ तारीख, सोमवार
नवी नोकरी, नवी डायरी. पत्रा कापण्याच्या कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी झालो. सकाळी सातला फाटकापाशी दारू तपासायचं यंत्र घेऊन उभं राहायचं. प्रत्येकाने नळीत फुंकायचं, शून्य आलं तर आत, नाहीतर घरी. वेळ आणि आकडा यंत्रात साठतो, नाव मी वहीत लिहितो. गंमत म्हणजे फुंक घेणाऱ्याची फुंक इथे कोणी घेत नाही. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! दारू सोडली, असं बायकोला सांगून आलोय. सोडलीच आहे जवळजवळ.

५ तारीख
मोठ्या कात्रीवरचे काका सगळ्यांच्या आधी येऊन मशीनचं तेलपाणी करतात. दाढ दुखते म्हणून तोंडात सदा लवंग. दारूच्या थेंबाला कधी शिवले नाहीत, असं सगळे सांगतात. आज माझ्याजवळून जाताना थबकले आणि माझ्या हातावर दोन लवंगा ठेवल्या. माझे कान तापले. लवंगा मात्र चघळल्या.

११ तारीख
आदल्या दिवशीची उतरली का, हे बघायला हल्ली फाटक उघडण्याआधी, सहा-पन्नासला, मी गुपचूप फुंकतो. आज ६२ आलं. घरी जायला हवं होतं. पण पहिल्याच महिन्यात कोणत्या तोंडाने सांगू? लवंग चघळून उभा राहिलो.

१२ तारीख
काका गेले. काल दुपारी.
कात्रीचं पातं बदललं की मागे जाऊन कोणी नाही ना हे बघायचं, मगच ‘चालू’ म्हणायचं, हे माझं काम. मी न बघताच म्हणालो. काका मागे वाकलेले होते.
मॅनेजरांनी यंत्र तपासलं आणि ६२ कोणाचं, ते विचारलं. त्या वेळी आत आम्ही दोघंच होतो. मी काकांचं नाव घेतलं. माझी नजर चुकवून आत गेले, असंही म्हणालो. वहीत ६२ समोर त्यांचं नाव लिहिलं. अक्षर सुरेख आलं.

१५ तारीख
काकू त्यांचा डबा न्यायला आल्या. माणूस गेला तो गेला, पण नातवाला शाळेत दारुड्याचा नातू म्हणतात, तेवढं पुसून द्या म्हणाल्या. मी मान हलवली. मला माझी किळस येते.

१७ तारीख
सहा-पन्नास. यंत्र टेबलावर होतं, कोणी हात लावला नव्हता. वाजलं. ६२. नळीत वाफ धरलेली. बिघडलं असेल.

१८ तारीख
पुन्हा ६२. केबिनभर लवंगेचा वास.

२० तारीख
काल एक थेंबही घेतला नाही. खात्रीसाठी नळी तोंडात धरली. मी फुंकण्याआधीच पलीकडून — कोणीतरी माझ्या तोंडात फुंकलं. गरम. लवंगेचं.
६२.

२१ तारीख
आज लवंग नाही. दारूचा वास. माझ्याच बाटलीचा — त्यांच्या तोंडाला तो मीच लावला —

२२ तारीख
सहा-अठ्ठेचाळीस. वही उघडलीय. नाव खोडायचं, खरं लिहायचं. एवढंच.
मानेवर श्वास. रागाचा नाही. वाट बघताहेत —
वाजलं.
लिहितो. ११ तारखेची सहा-पन्नासची फुंक काकांची नव्हती, ती मा—