अठ्ठावीस तारखेच्या आत

मंगळवार, ४ मार्च

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे? लेकीला तिच्या प्रयोगशाळेत बढती मिळाली, हे काल फोनवर कळलं. फार बरं वाटलं. तिच्या बाबांना, आपल्या धाकट्या दादाला, केवढा आनंद झाला असता!

इकडे सगळं ठीक. कारखान्यात दोन नवे बर्नर बसवले. मोठे कारागीर अजून येतात, पण नळी वाकवताना आता चष्म्यावर दुसरा चष्मा लावतात. मी हसले तर म्हणाले, "टाचणीबाई, हसू नका, चार डोळे लागतात तुमच्या काचेला." धाकट्या दादानं ठेवलेलं माझं हे नाव सगळ्या कारखान्यानं उचललंय. डायरेक्टर झाले तरी मी टाचणीच.

तुला आश्चर्य वाटेल, की दर आठवड्याला फोन करणारी मी आज पत्र का लिहितेय. फोन ऑफिसात आहे आणि ऑफिसात मोठा दादा आहे, एवढंच. उगीच काही मनात आणू नकोस.

दादानं तुला निरोप दिलाय ना, की एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आपण तिघं डायरेक्टर बसू आणि त्या काचेच्या तोटीचा विषय घरच्या घरी मिटवू? आधी ते फेब्रुवारीत ठरलं होतं. मग मार्च झाला. आता एप्रिल. त्याला खरंच फार कामं असतात.

एक काम कर. तीन वर्षांपूर्वी २८ मार्चला तू कुठे होतीस, आठवतं? माझ्या आठवणीप्रमाणे लेकीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन त्याच दिवशी होतं आणि तू दिवसभर हॉस्पिटलात होतीस. तिथला एखादा कागद असेल, तुझी सही असलेला, तारखेचा, तर शोधून ठेव. कपाटात ठेवू नकोस, लेकीकडे दे. का, ते विचारू नकोस. निदान फोनवर तरी विचारू नकोस. हे पत्र मिळालं तर पुढच्या फोनवर "हवा बदलली" एवढंच म्हण, मी समजेन.

पोस्टाची पेटी आमच्या फाटकासमोरच आहे. पण आज मी भाजी आणायला जाईन तेव्हा दोन चौक पलीकडच्या पेटीत हे टाकीन. चालणं होतं तेवढंच.

काळजी घे.

तुझी,
टाचणी

०

मंगळवार, ११ मार्च

प्रिय वहिनी,

काल तू "हवा बदलली" म्हणालीस आणि माझ्या हातातला रिसीव्हर घामानं निसटला. दादा समोरच बसला होता. त्यानं विचारलं, "काय म्हणते?" मी म्हटलं, "तिकडे गारठा आहे." तो मान डोलावून कागदात शिरला.

आता लिहिते. तीनदा लिहून फाडलंय, यावेळी फाडणार नाही.

तुझ्या लेकीनं जानेवारीत तिच्या प्रयोगशाळेत आपली तोटी पाहिली, खोक्यावर मात्र नाव दुसऱ्याच कंपनीचं होतं. तू दादाला विचारलंस, तेव्हा तो म्हणाला की कुणीतरी नक्कल केली असेल. वहिनी, ती नक्कल नाही. धाकट्या दादानं सहा वर्षं काचा फोडून जी न गळणारी तोटी तयार केली, तीच ती. आपल्याच कारखान्यात बनते. तीन वर्षांपूर्वी दादानं आपल्या बायकोच्या नावानं वेगळी कंपनी काढली, आणि आपल्या कंपनीनं तोटीचा नमुना, साचे आणि सगळी गिऱ्हाइकं त्या कंपनीला देऊन टाकायचा ठराव केला. तुला मात्र दरवर्षी सांगितलं, की तोटीला आता मागणी राहिली नाही.

ठराव २८ मार्चला झाला. मीटिंगच्या वहीत तिन्ही डायरेक्टर हजर असल्याची नोंद आहे. तुझ्या नावापुढे "हजर, संमती" असं लिहिलंय. ते अक्षर माझं आहे. त्या दिवशी खोलीत दादा होता आणि मी होते, बस. तू ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकावर बसली होतीस, कारण सकाळीच तू मला फोन करून रडली होतीस. तो फोन ठेवला आणि अर्ध्या तासात मी ती ओळ लिहिली.

हे मी तुला आयुष्यभर सांगितलं नसतं. आज सांगतेय ते भीतीनं. माझं मन मोठं आहे असं समजू नकोस.

जानेवारीत तुझा प्रश्न आला तसा दादा वकिलाकडे गेला. नंतर वकील ऑफिसात आले. मी बाहेर जायला उठले तर दादा म्हणाला, "बस. तुझंही काम आहे."

वकील मोठे गोड बोलतात. म्हणाले, "ताई, डायरेक्टर म्हणजे दुसऱ्यांची वस्तू सांभाळणारा माणूस. सांभाळायला दिलेलं स्वतःच्या घरात नेलं, तर ज्याचं गेलं तो दावा लावू शकतो. पण दाव्याला मुदत असते. तीन वर्षं."

"कधीपासून?" मी विचारलं.

"तिला कळलं तेव्हापासून. तिच्यापासून लपवलं असेल, तर उघडकीला आलं तेव्हापासून. पण तुमच्या वहीप्रमाणे त्या मीटिंगला हजर होत्या. म्हणजे त्यांना त्याच दिवशी कळलं. बरोबर?"

दादा खिडकीकडे बघत म्हणाला, "बरोबर."

"मग यंदाची अठ्ठावीस मार्च उलटली की विषय संपला," वकील म्हणाले. "तोवर त्यांनी कोर्टाची पायरी चढू नये. भांडू नका, तोडू नका. बोलत राहा. घरातलं माणूस बोलत असलं की कुणी दावा लावत नाही."

वहिनी, ते बोलणारं घरातलं माणूस मी.

दर सोमवारी अकराचा फोन. तुझा गुडघा, लेकीची बढती, जुन्या आठवणी, आणि शेवटी "दादाला जरा वेळ दे गं, घरच्या घरी मिटेल." तुला वाटायचं, नणंद असावी तर अशी. तू एकदा म्हणालीससुद्धा, की सोमवारची वाट बघते. त्या दिवशी मी स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडला आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिले. एप्रिलचं बसणं हे सगळं नाटक आहे. एप्रिलमध्ये तू येशील, दादा वही उघडेल, वकील तारीख दाखवेल, आणि तू आल्या पावली परत जाशील.

मग मी गेल्या आठवड्यात का उलटले? दादानं टाइप केलेला कागद समोर ठेवला. "वहिनी स्वतः मीटिंगला होत्या, त्यांनी ठराव वाचला, मी साक्षीला आहे." ही प्रतिज्ञा मी कोर्टात करायची. मी म्हटलं, "दादा, खोटी शपथ घेतली तर तुरुंग होतो ना?" तो अजिबात चिडला नाही. तो चिडत नाही म्हणूनच मला त्याची भीती वाटते. शांतपणे म्हणाला, "वहीत लिहिलं तेव्हा विचारलं नाहीस. सह्या दोघांच्या आहेत, टाचणी. मी बुडालो तर तू कोरडी कशी राहशील? आणि राहशील तरी कुठे?"

मी राहते त्या खोल्या कारखान्यावर आहेत, कंपनीच्या. किल्ली त्याच्याकडेही असते.

तो कागद मी अजून सही न करता ठेवलाय. चष्मा दुरुस्तीला दिलाय, असं सांगितलंय. चष्मा उशाच्या अभ्र्यात आहे. असं किती दिवस निभावणार?

तेव्हा नीट ऐक. माझ्यावर विश्वास ठेवायचं काहीच कारण नाही तुला, पण तारखेवर ठेव. अठ्ठावीसच्या आत दावा दाखल कर. शुक्रवार येतो. शेवटच्या दिवसाची वाट बघू नकोस. आपल्या ओळखीतला वकील घेऊ नकोस, लेकीला तिथलाच कुणी शोधू दे. हॉस्पिटलचा कागद दाखव. हे पत्रही दाखव. मला माहितेय मी काय लिहितेय. दावा दोघांवर लाव. मला वगळलंस तर ते म्हणतील, आपण दोघींनी संगनमत केलं.

पुढच्या सोमवारी अकरा वाजता फोन येईल. मी तेच बोलेन, दादा ऐकत असेल. तू माझं एक अक्षर खरं मानू नकोस.

तुझी,
टाचणी

०

शनिवार, १९ एप्रिल

प्रिय वहिनी,

तुझं उत्तर नाही, आणि ते येणार नाही हे मला कळतं. तरी काय घडलं ते तुला कळायला हवं.

सतरा मार्चच्या सोमवारी आपण फोनवर बोललो. तू इतकं सहज बोललीस, की मला वाटलं पत्र पोचलंच नाही. हसलीससुद्धा. फोन ठेवल्यावर दादा म्हणाला, "छान. अजून अकरा दिवस." ते अकरा दिवस मी कसे काढले, सांगता येत नाही. जिन्यात पाऊल वाजलं की मी दाराला खुर्ची लावायचे. जेवण जात नव्हतं. दोनदा वाटलं, खाली जावं आणि सही करून टाकावी, निदान ही धाकधूक तरी थांबेल. एकदा तर अभ्र्यातला चष्मा घेऊन जिना उतरायलाही लागले होते. खाली मोठे कारागीर कुणावर तरी ओरडत होते, "गरम काच दिसत नाही, हात लावू नका!" ते ऐकून का कोण जाणे, मी परत वर आले.

चोवीस तारखेला तू दावा दाखल केलास, हे मला कोर्टाचा लिफाफा आल्यावर कळलं. लिफाफे दोन होते. दादानं दोन्ही फोडले. वाचून झाल्यावर त्यानं ऑफिसचं दार लावलं.

"तिला कुणी सांगितलं?"

वहिनी, मी तयारी केली होती. माहीत नाही म्हणायचं, लेकीनं शोधलं असेल म्हणायचं. पण यातलं एकही खोटं त्याच्यासमोर उभं करता आलं नाही. म्हटलं, "मी."

मला वाटलं, आता दादा हात उचलेल. त्यानं फक्त टेबलावरची तोटी उचलली, दोनदा फिरवली, आणि म्हणाला, "चार दिवस, टाचणी. चार दिवस कळ काढली असतीस तर तुला जन्मभर काही कमी पडलं नसतं." मग म्हणाला, "महिनाअखेर खोल्या रिकाम्या कर."

मी त्याच आठवड्यात बाहेर पडले. आता एका शिंप्याच्या दुकानावर भाड्यानं राहते. खाली दिवसभर मशीन चालतं. किल्ली एकच आहे आणि ती माझ्याकडे आहे, तरी खुर्ची अजून लावतेच. दादाच्या वकिलांचा निरोप आला, की त्या कागदावर सही केलीत तर अजूनही सांभाळून घेऊ. नाही केलीत तर वहीतली खोटी नोंद तुमच्या अक्षरात आहे, हे विसरू नका. मी विसरलेले नाही. मुदतीचा प्रश्न आता उरला नाही, तू वेळेत पोचलीस. आता प्रश्न फक्त काय झालं एवढाच आहे, आणि ते मी सांगणार आहे. सांगताना आवाज फुटेल की नाही, ही वेगळी धास्ती.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली असं म्हणणार होते. पण ती मी मुद्दाम ठेवली होती. त्या नव्या कंपनीत दहावा हिस्सा माझ्या नावावर आहे. दादानं ठरावाच्या दिवशीच दिला. तो म्हणाला होता, "धाकट्यानं तोटी केली, मी धंदा केला, तुला कुणी कधी मोजलंच नाही." आणि मला बरं वाटलं होतं, वहिनी. तुझी लेक टेबलावर होती, तू बाकावर होतीस, आणि मला बरं वाटलं होतं. फक्त घाबरून लिहिलं असतं ते "हजर", तर आज तुझ्याकडे बघायला थोडी तरी जागा उरली असती. तो हिस्सा परत करण्याचा अर्ज मी कोर्टात देतेय. त्यानं काही पुसलं जाणार नाही.

परवा लेकीचा फोन आला. म्हणाली, "आत्या, आई तुझ्याशी बोलणार नाही. पण तू जेवतेस का, ते विचारायला सांगितलंय." मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर शिंप्यानं खालून विचारलं, "बाई, काही पडलं का?" मीच जमिनीवर बसले होते.

सुनावणी नऊ मेला आहे. मी साक्षीला उभी राहीन तेव्हा तू समोर असशील. माझ्याकडे बघू नकोस, मला धीर सुटेल. किंवा बघ. तुला हवं तसं कर.

तुझ्या दाव्यातली प्रतिवादी क्रमांक दोन,
आणि तू म्हणू देशील तर, तुझी,
टाचणी