जिंकलो तर विजेवाल्या

८ फेब्रुवारी, शनिवार
व्हॉलीबॉल स्पर्धेतली दुसरीही मॅच जिंकलो! पाणीपुरवठ्याच्या बायका चांगल्या दांडग्या होत्या. पण शेवटचा बॉल मी उचलून दिला आणि धाकट्या जावेने असा हाणला, की समोरची बाई वाटेतून बाजूलाच झाली.

साबण कारखान्याची टीम म्हणून सगळे हसायचे — “ह्यांच्या हातातून बॉल निसटणारच.” आता हसा म्हणावं!

घरी सासूबाई: “दोघी सुना उड्या मारतात आणि भाजी निवडायला मी.”

१० फेब्रुवारी, सोमवार
साबणाला कागद लावतो त्या हॉलमध्ये मोठे साहेब स्वतः आले. टीम फायनलला गेली, तर टीममधल्या कंत्राटी बायकांना कायम करणार! मशीन चालू होतं, निम्म्या जणींना ऐकूच गेलं नाही. धाकटीला गेलं. हातात वडी धरून ती नुसती उभी. तिच्या पुढच्या चार वड्या कागद न लागता तशाच सरकत गेल्या, त्या मी धरल्या.

एकाच घरातल्या आम्ही दोघी जावा. एकाच सरकत्या पट्ट्यावर, एकच काम. मी कायम, ती सहा वर्षं कंत्राटी. दर सहा महिन्यांनी घरी बसायचं, मग पुन्हा सुपरवायझरच्या दारात. भाऊजींचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, काम सुटल्यापासून त्यांचा संसार तिच्याच पगारावर.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
आक्रीत घडलं. दुसऱ्या गटात वीज कंपनीच्या बायका पोस्टवाल्यांकडून हरल्या! तीन वर्षं कप त्यांच्याकडे. त्यांची मुख्य खेळाडू तापाने झोपली होती म्हणे. सेमीफायनलला ती येणारच.

चहाच्या सुट्टीत मास्तर आले. आहेत कारखान्याचे इलेक्ट्रिशियन, पण आम्हाला शिकवतात म्हणून मास्तर. खोक्यावर खडूने दोन गट काढले. आमच्या गटातून आम्ही आणि इस्पितळाच्या नर्सा, दोघी सेमीफायनलला पोचलोच आहोत. रविवारी आमची एकमेकींशी मॅच, ती फक्त पहिलं कोण, दुसरं कोण हे ठरवायला. जिंकेल तिला सेमीफायनलला विजेवाल्या, कारण त्या त्यांच्या गटात दुसऱ्या. हरेल तिला पोस्टवाल्या. पोस्टवाल्यांना आम्ही सरावात दोनदा लोळवलंय.

मास्तरांनी खडू खिशात घातला. “आता मी काही बोलत नाही. तुम्हीच शहाण्या आहात.”

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
आज बोललेच. “रविवारी हरा.”

मी म्हटलं, “मास्तर, माणसं बघायला येणार आहेत.”
“येऊ देत की. तिकीट थोडंच आहे?”
“पण हे खोटं नाही का?”
“नियमात कुठे लिहिलंय, हरू नका म्हणून? फायनल गाठायला एक मॅच सोडायची. हिशेब आहे हा, बाई. विजेवाल्या आपल्याला कपड्यासारखं पिळून वाळत घालतील!”

बाकीच्या जणींनी माना हलवल्या. कॅप्टन मी, म्हणून सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. धाकटी बघत नव्हती. बुटाची नाडी सोडत होती, बांधत होती.

घरी येताना वाटेत म्हणाली, “ताई, तत्त्व तुम्हाला परवडतं. तुम्ही कायम आहात.”

ती ओरडली असती तर मी भांडले असते. पण ती इतकं हळू म्हणाली! कोपऱ्यावर पोचेपर्यंत मी म्हटलं, “बरं. हरू.”

१५ फेब्रुवारी, शनिवार
ह्यांना सांगितलं. म्हणाले, “मुद्दाम हरायलाही सराव लागतो. केलाय का?”

आम्हाला वाटलं होतं, सासूबाईंना काही ऐकू येत नाही. पण आलं! “हरायचंच तर घरी बसून हरा. बसभाडं तरी वाचेल.”

१६ फेब्रुवारी, रविवार
जे झालं ते तसंच लिहिते.

मैदानावर आमच्या पॅकिंगच्या बायका पोराबाळांसकट हजर. चहावाल्या मावशी दोन बस बदलून आलेल्या. मी लिफ्टर, म्हणजे बॉल माझ्याकडे येणार आणि मी तो उचलून धाकटीला देणार. हरायचं तर सगळं माझ्याच बोटांत होतं. पहिला बॉल मी तोकडा दिला. दुसरा नेटच्या पार घालवला. मावशी ओरडल्या, “अगं, झोप झाली नाही का?” सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही माणसं सुट्टीचा दिवस मोडून आली, आणि मी त्यांच्यासमोर वेंधळेपणाचं सोंग करतेय!

तिसरा बॉल मागून अलगद माझ्या हातांवर आला. बोटांनी मला काही विचारलंच नाही. उंच, नेटपासून हातभर अंतरावर, धाकटीला आवडतो तसाच गेला. ती धावत आली, वर उडाली. मला वाटलं, ही तरी सोडेल.

नाही सोडला. समोर त्यांची कॅप्टन, ती ताडमाड सिस्टर. धाकटीने तिच्या डोक्यावरून असा मारला, की बॉल जमिनीवर आपटून झाडापर्यंत गेला. मैदान नुसतं पेटलं!

मग आम्हाला थांबताच येईना. नर्सांचं धाबं दणाणलेलं दिसत होतं. सर्व्हिस नेटमध्ये, स्मॅश बाहेर. सरळ दोन सेटमध्ये जिंकलो. मावशींनी माझा मुका घेतला. मास्तर सायकल काढून निघून गेले होते.

बसमध्ये धाकटी खिडकीकडे तोंड करून बसली. उतरताना म्हणाली, “तुम्ही उचलून दिलात. तसा बॉल समोर आल्यावर मी काय करणार होते?”

१७ फेब्रुवारी, सोमवार
आमचा डबा दोघींत एक. आज ती माझ्याआधी निघून गेली. डबा ओट्यावर तसाच.

२३ फेब्रुवारी, रविवार
विजेवाल्यांनी पिळलं. वाळतही घातलं. त्यांची ती मुख्य बाई म्हणजे बाई नव्हेच, दरड कोसळते तशी कोसळते. एक स्मॅश अडवताना माझं मधलं बोट मोडलं.

नर्सांनी पोस्टवाल्यांना आरामात हरवलं. त्या फायनलला.

टीममध्ये कुणी माझ्याशी बोललं नाही. मास्तर तेवढे म्हणाले, “बोटाला बर्फ लावा.”

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
धाकटीचं कंत्राट आज संपलं. सुपरवायझरने कार्ड मागून घेतलं, “बघू, दोन महिन्यांनी” म्हणाला. ती “बरं” म्हणाली. मी पट्ट्यापाशीच उभी होते. एका हाताने वड्या धरत.

साहेबांकडे गेले होते. म्हणाले, “शब्द फायनलचा होता.” खरंच, होता.

२ मार्च, रविवार
घरात बोलाचाली आहे, पण कामापुरती. मीठ कुठंय. दूध तापलं. सासूबाई दोघींच्या मध्ये बसून म्हणतात, “मी बहिरी आहे, तुम्ही मुक्या. बरं जमलंय.”

सारखं मनात येतं, मी चुकले का? त्या दिवशी मैदानावर खोटं वागले असते, तर आज ही कामावर असती. माझ्या खरेपणाची किंमत तिच्या ताटातून गेली. पण तो बॉल पुन्हा हातावर आला, तर पुन्हा तसाच जाईल. हेही माहीत आहे. ह्याचं काय करायचं?

९ मार्च, रविवार
बोट बांधलेलं, वेणी घालता येईना. कंगवा घेऊन झटापट चालली होती. धाकटी मागून येऊन बसली आणि न बोलता वेणी घालायला लागली. बरीच घट्ट घातली!

मग म्हणाली, “ताई, चुकलं का हो आपलं?”

*आपलं* म्हणाली.

मी म्हटलं, “माहीत नाही गं.”

“मला वर उडाल्यावर काही आठवलंच नाही. कंत्राट नाही, घर नाही. नुसता बॉल. आयुष्यात इतका चांगला कधीच मारला नव्हता.” वेणीचा पेड ओढत म्हणाली, “ती सिस्टर केवढी उंच! तिच्यावरून मारला. ते काही कुणी कार्डासारखं मागून घेणार नाही.”

रडू आलं. तिलाही. सासूबाई आतून ओरडल्या, “आता काय झालं?”

१४ मार्च, शुक्रवार
धाकटीला कोपऱ्यावरच्या लाँड्रीत इस्त्रीचं काम मिळालं. पगार कमी. पण मालक सरळ माणूस वाटतो. आज जिन्यात शेजारणींना तो स्मॅश करून दाखवत होती, हातात इस्त्रीचा शर्ट!

२० मार्च, गुरुवार
बोटाची पट्टी काढायला इस्पितळात गेले. पट्टी काढायला तीच उंच सिस्टर. मला बघून हसायलाच लागली. “ताई, तुमचे आभार मानायचे राहिले होते! आम्हालाही हरायलाच सांगितलं होतं हो. तुम्ही पहिले दोन बॉल घालवलेत, तेव्हा म्हटलं, ह्याही हरायला आल्या की काय! मग तुमच्या त्या जावेने मारला, आणि सुटलो. मी तर उडीसुद्धा मारली नाही.”

घरी धाकटीने विचारलं, कोण होतं इस्पितळात? म्हटलं, कुणी ओळखीचं नव्हतं.