उष्टी हळद आणि पाल्याचा साबण

शनिवार, संध्याकाळ

किती धुतले तरी हातांचा हळदीच्या पाल्याचा वास जात नाही. जाऊही नये!

हळद काढताना बांधावर फेकलेला पाला गोळा करून मी कुपवाडच्या शेडमध्ये त्याचं तेल काढते, साबण करते. सासूबाईंनी आजवर वडीला बोटसुद्धा लावलं नव्हतं. "गुरं बी त्वांड लावत न्हाईत, त्यो पाला माणसानं तोंडाला चोळायचा व्हय?" त्यांचं ऐकून मीही डळमळले. पुण्याच्या दुकानाला नमुना पाठवायचा होता, म्हणून गुलाबाचा वास घालून वेगळ्या वड्या पाडल्या. कुठली पाठवू? आठवडाभर डोक्यात तेच.

आज पुतणीची हळद. नवरदेवाला लावून उरलेली हळद तिकडून आली, ती पोरीला लावली. हात धुवायला मी पाल्याचा साबण ठेवला, तर सासूबाई सगळ्यांसमोर पुन्हा तेच बोलल्या. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "आवं आत्ती, नवऱ्याची उष्टी हळद चालती, मग हळदीचा पाला का न्हाई?"

वाटलं, संपलं आता. आणि सासूबाई खो खो हसत सुटल्या! वडी उचलली, तोंडाला खसाखसा चोळली. मग काय, बायकांची झुंबड. त्या वासासाठी भांडणं!

घरी येताना सासूबाई म्हणाल्या, "पुण्याला ह्योच धाड."

"आणि गुलाबाचा?"

"ऱ्हाऊ दे की. म्हशी धुवायला हुईल."