मुकादमाची खाज

५ मार्च

ताईने आज निकाल देऊन टाकला. महिनाअखेरीला भाची बाळाला घेऊन येते आहे. त्याच्या आत मांजर घराबाहेर.

"त्याला खरूज झालीय. बाळाला लागली तर?"

मी म्हटलं, खरूज नाही ती. "मग काय आहे?" ते मला माहीत नाही. पण खरूज नाही!

इकडे खटला चालू आणि आरोपी सोफ्याच्या हातावर बसून मागच्या पायाने कराकरा मान खाजवतोय. गळ्याखाली बिस्किटाएवढं टक्कल, पुढच्या पायांची आतली बाजू लालभडक. निदान ताईसमोर तरी जरा कळ काढायची की नाही, लेका! मुकादम हे नाव त्याला शोभतं. घरात कुणी कामाला लागलं की समोर येऊन बसतो आणि बघत राहतो. स्वतः इकडची काडी तिकडे करत नाही.

घर आईवडिलांचं. म्हणजे निम्मं ताईचं, निम्मं माझं. माझ्या निम्म्यात मांजर राहू शकतं! हे मला जिना उतरताना सुचलं. भांडणातली उत्तरं मला नेहमी जिन्यातच सुचतात.

७ मार्च

प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेलं. तरुण आहे. मुकादमला हात लावला की शिंकतो — मांजरांची ॲलर्जी असलेला मांजरांचा डॉक्टर! म्हटलं, मग या धंद्यात कशाला पडलात? "आवड हो," म्हणाला, आणि नाक पुसलं. मला आवडला.

कातडी जराशी खरवडून काचेवर घेतली, भिंगाखाली बघितली. खरूज नाही. पिसवा असाव्यात म्हणाला. मानेवर औषधाचे थेंब सोडले.

घरी येऊन मोठ्या तोऱ्यात ताईला सांगितलं. तर म्हणते, "बरं, मग पिसवा. बाळाला पिसवा चालतात वाटतं?"

हिच्यापुढे कुणाचं काय चालणार.

११ मार्च

सगळ्या गाद्या, उशा, सोफ्याच्या खोळी गच्चीवर. दोघी बहिणींनी घाम निघेपर्यंत धोपटल्या. मुकादम टाकीवर बसून देखरेख करत होता. पिसू? औषधाला एक नाही! साप साप म्हणून भुई धोपटली, आणखी काय. ताईची कंबर धरली ती वेगळीच. तीही आता मांजराच्या नावावर जमा.

१४ मार्च

कामावर मन लागत नाही. आमच्या लाँड्रीत हॉटेलांच्या आणि हॉस्पिटलांच्या चादरी येतात. मी घडी विभागात. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला उंच बाई. (तिला सगळे उंचच म्हणतात, खरं नाव पगाराच्या दिवशीच ऐकू येतं.) टोकं जुळवायला दोघी पुढे येतो, हात हाताला लागतात, परत मागे. दिवसभर हेच. चादरी किंचित ओलसरच येतात आमच्याकडे, आणि धुताना घालतात त्या नवीन निळ्या औषधामुळे इतक्या मऊ की हातातून निसटतात. फुलांचा वास. नव्या वर्षापासून आलंय ते. लाँड्री चालवणाऱ्या मॅडमना त्याचं केवढं कौतुक! पांढरे सुती हातमोजे घालून प्रत्येक थप्पीवरून हात फिरवतात. डाग लागू नये म्हणून हातमोजे, म्हणे. राणीसाहेब!

उकाडा मरणाचा. तरी आम्ही सगळ्या पूर्ण बाह्यांत. माझं कारण साधं आहे — वय झालं तशी हातांची कातडी जरा कोरडी पडलीय, चारचौघांत बरं दिसत नाही. घरी आल्यावर तेल लावते. बाकीच्या का घालतात कोण जाणे. फॅशन असेल.

जेवताना मुकादमचं सांगितलं. उंच म्हणाली, "माझ्या सासूकडे दे सोडून. तिला पण काही ना काही खुपतच असतं."

१५ मार्च

खाज तशीच. ताई कॅलेंडरकडे बघते, माझ्याकडे बघत नाही.

१८ मार्च

ताप. अंग ठणकतंय. ताईने माझे सगळे कपडे घरच्या साबणाने धुतले, कपाटात कोंबले आणि हुकूम सोडला, "पलंगावरून पाय खाली ठेवलास तर बघ." मुकादम माझ्या पोटावर. ताप त्यालाच आल्यासारखा पडलाय.

२२ मार्च

खाजवत नाहीये!

आधी वाटलं, तापात मला भास होतोय. पण काल दिवसभर पहारा दिला. एकदा कान, एकदा शेपटी — ते तर आपणही करतो. गळ्याची लाली उतरली. म्हणजे याला पिसवा नाहीत, याला एकटेपणा आहे! मी दिवसभर कामावर, हा घरात ताईच्या तोंडाकडे बघत. बिचारा झुरत होता! मी घरी राहिले आणि बरा झाला.

ताईला सांगितलं. ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "मांजर आहे की नवरा गं? विरह झाला म्हणे त्याला!"

हस बाई, हस. तुझ्यासाठी कुणी स्वतःची मान खाजवून घेतलीय का कधी?

२५ मार्च

कालपासून कामावर. आणि आज परत कराकरा!

लिहायला लाज वाटते, पण इथे नाही लिहायचं तर कुठे — मला जरासा आनंद झाला. मी नसले की कुणाचं तरी अडतं. मग त्याने एवढं खाजवलं की रक्त आलं. आनंद गेला कुठच्या कुठे.

ताई भाचीला फोनवर, "हो गं, पाठवतेय त्याला. परवापर्यंत." मी दाराआडून ओरडले, मुळीच नाही!

२६ मार्च

डॉक्टरला विरहाची गोष्ट सांगितली. तो हसला नाही. शिंकला, आणि विचारलं, "हा झोपतो कशावर?"

"माझ्यावर."

"तुम्ही घरी नसताना?"

तेव्हा आठवलं. दारामागच्या खुंटीवर माझा कामाचा जादा एप्रन असतो. हा उडी मारून तो पाडतो आणि त्यावर अंग टाकतो. गळा खाली, पुढचे पाय पोटाशी. आणि मी घरी आले की अंगातल्या एप्रनवर, मांडीत.

"आणि तुम्ही आजारी होतात तेव्हा एप्रन कुठे होते?"

कपाटात. ताईने धुऊन.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! दोघी म्हाताऱ्या गच्चीवर गाद्या बडवतोय आणि दुखणं माझ्याच अंगावर बसून रोज घरी येतंय. नव्या वर्षापासून. ओलसर चादरींतून एप्रनला लागलेलं ते निळं औषध.

डॉक्टर म्हणाला, खात्री करायची तर एप्रन घरात आणू नका, आल्या आल्या अंघोळ करा, मग बघू. ताईकडून दहा दिवस मागून घेतले. म्हणजे भांडून घेतले. बाळाच्या खोलीचं दार बंद राहील, मुकादम माझ्या खोलीत राहील. माझ्या निम्म्यात! या वेळी उत्तर जिन्यात सुचलं नाही, तिच्या तोंडावरच सुचलं.

३० मार्च

बाळ आलं. सगळ्यांचा जीव की प्राण. मुकादम दाराच्या फटीतून त्यालाही कामाला लावता येईल का बघतोय. खाजवणं जवळजवळ बंद.

४ एप्रिल

गळ्यावर लव आलीय! राखाडी, मऊ, पिल्लाच्या पोटावर असते तशी. ताईने स्वतः बोट फिरवून बघितलं आणि म्हणाली, "राहू दे मग." एवढंच. तिच्याकडून हे म्हणजे बँडबाजा.

आज मी खरं म्हणजे उड्या मारायला हव्यात. पण अंघोळ करताना माझे हात बघितले. नीट, खिडकीच्या उजेडात. मनगटापासून कोपरापर्यंत लाल, चिरा पडलेले. ते काय वय आहे? वय फक्त हातांनाच येतं का? एप्रन तिथे ठेवून येता येतो. हात कुठे ठेवून येऊ?

५ एप्रिल

केलं एकदाचं. चादर हातात असताना थांबले आणि दोन्ही बाह्या कोपराच्या वर सारल्या.

उंचच्या हातातून तिचं टोक सुटलं. स्वच्छ चादर जमिनीवर! माझ्या हातांकडे बघत राहिली. मग तिने तिच्या बाह्या वर केल्या. माझ्यापेक्षा वाईट. दिवसभर तिचे हात माझ्या हातांना लागतात, आणि आम्ही दोघींनी एकमेकींपासून लपवलं! "मला वाटलं मलाच आहे," ती म्हणाली. "घरात सांगितलं असतं तर भांडी वेगळी केली असती माझी." इस्त्रीवालीनेही वर केल्या. मग पलीकडच्या टेबलावरच्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होतो सगळ्या.

मॅडम आल्या. मी सांगितलं, नवीन औषधाने होतंय. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलंसुद्धा नाही.

"तुमच्या घरी मांजर आहे ना? त्याला खरूज झालीय असं तुम्हीच जेवताना सगळ्यांना सांगत होतात. ती आणून इथे पसरवलीत!"

मी म्हटलं खाज, खरूज नाही! पण ऐकतंय कोण. त्यांचा हुकूम, मांजर घरातून काढत नाही तोवर कामावर यायचं नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी! परत त्याच्यावरच! तो बरा झाला तरी त्याच्यावरच!

६ एप्रिल

ताई म्हणते, "मांजर बरं झालं ना? मग गप्प बसायचं. उगाच खाजवून खरूज काढू नकोस."

मी म्हटलं, खरूज नाही, किती वेळा सांगू! आणि खाजवायला आम्ही नंतर लागलो ताई, आग आधीच होती.

ती बाळाला थोपटत राहिली. मग माझा हात ओढून घेतला, बघितला. बराच वेळ सोडला नाही. "मला का नाही दाखवलंस गं?" तिचा आवाज असा ऐकला की मला रडू फुटतं. फुटलंच.

७ एप्रिल

मुकादमला टोपलीत घातला आणि लाँड्रीच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. जेवणाच्या सुट्टीत. मांजर काढलं नाहीच, उलट आणलं!

रखवालदार म्हणाला, "आत सोडता येणार नाही, काकू." म्हटलं, आत कोण जातंय? रस्ता तुमच्या मॅडमचा आहे का?

एकेक जण बाहेर आली. मी टोपली उघडली. मुकादमने मान वर केली, साहेबांसारखी. म्हटलं बघा, हात लावून बघा! आरोपी हा आहे. याच्या गळ्यावर केस आले. आणि मी घरी अंघोळ करकरून याला सांभाळलं तरी माझे हात असे, कारण हे हात रोज इथे येतात. खरूज याची असती तर आधी ताईला झाली असती, तिच्याच उशीवर लोळतो हा मेला!

हसल्या. उंचने त्याला उचलून घेतलं, उघड्या हातांनी. मग म्हणाली, "ते औषध जाईपर्यंत मी चादरीला हात लावणार नाही." इस्त्रीवाली तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. सुट्टी संपल्याची घंटा झाली. कुणी हललं नाही. मुकादम सगळ्यांकडे बघत बसला, कामं बंद पडल्यावर बसतो तसा, नाराज.

वर ऑफिसच्या खिडकीत मॅडम उभ्या होत्या. पांढरे हातमोजे काचेवर. मी टोपली खाली ठेवली नाही.

९ एप्रिल

संध्याकाळी बेल वाजली. दारात मॅडम.

मी म्हटलं, मांजर काढणार नाही! त्यांनी ऐकलंच नाही. आत आल्या, बसल्या नाहीत. मुकादम दिसला तशा जमिनीवरच टेकल्या आणि डाव्या हाताचा हातमोजा हळूहळू, बोटाबोटाने सोलला. आतल्या लाल चिरांना कापूस चिकटलेला.

"याचे केस यायला किती दिवस लागले?"