खंदकावरची फांदी

१७ एप्रिल

कळ्या फुगल्या! टोकं गुलाबी दिसायला लागलीत. आज खंदकाला तीन चकरा मारल्या. बासष्टीची बाई मी, पण पायांना चैन म्हणून नाही. एकोणचाळीस वर्षं या दिवसांत मी आमच्या सफरचंदाच्या बागेत शिडीवर असायचे. बाग आता पुतण्या बघतो. किल्ल्यातला साकुराचा बहर भर दिवसा, निवांत बघायचा – हे माझं पहिलंच वर्ष!

हे मात्र घरातून हलायला तयार नाहीत. तीस वर्षं किल्ल्यातल्या झाडांची छाटणी केली, मार्चअखेर निवृत्त झाले. "चला की हो," म्हटलं. "मी कळ्या बघितल्यात. फुलं लोकांनी बघावीत," म्हणे. घ्या!

१९ एप्रिल

सुमिएशी भांडले. पुलाजवळ तिची डांगोची गाडी. तांदळाचे गोळे काडीवर भाजता भाजता म्हणते कशी – "त्या म्हाताऱ्या झाडाची पाण्याला टेकणारी फांदी कुण्या खाटकानं उडवली गं? लोक लांबून लांबून तिच्या फोटोसाठी येतात आणि बोडकं खोड बघून जातात."

माझं डोकंच सणकलं. "तो खाटीक माझ्या घरी जेवतो," म्हटलं. "कारण असल्याशिवाय काडीसुद्धा कापत नाही तो. फांदी आतून कुजलेली असणार!" ती ओशाळली. एक काडी फुकट दिली. राग होता, पण भूकही होती. खाल्ली.

जेवताना ह्यांना विचारलं, "कुजलीच होती ना हो ती?" हे आपले सूप पीत बसले. बोलतील तर शपथ! स्वभावच तसा. पण गावभर ह्यांना नावं ठेवतात आणि ऐकून मला घ्यावं लागतं. झाड एकदा फुलू दे, सगळ्यांची तोंडं बंद होतील.

२२ एप्रिल

पाऊस. घरात. जीव टांगणीला.

२३ एप्रिल

म्हाताऱ्या झाडावर पाच फुलं! मोजली. दोनदा.

२५ एप्रिल

काय लिहू? लिहवत नाही.

सकाळी पुलावर आले आणि जागीच थबकले. आभाळ दिसेना. काल जिथे काटक्या होत्या तिथे आज फुलंच फुलं, एकावर एक, आणि ती सगळी पुन्हा खाली पाण्यात. एवढी माणसं, पण कुणाचा आवाज नाही. शेजारची एक आजी हात जोडून उभी होती. मीही जोडले. कुणाला, ते ठाऊक नाही. मी जन्मभर फुलांत काम केलं, पण आमच्या फुलांकडे बघताना डोक्यात फळाचा हिशोब. ही फुलं कशासाठीच नाहीत! नुसती आहेत! रडूच आलं.

म्हाताऱ्या झाडाची डहाळी जवळ ओढून बघितली. एका कळीतून सहा फुलं! इतर ठिकाणी तीन, फार तर चार निघतात. ही आमच्या ह्यांची छाटणी. सफरचंदाची झाडं छाटतात तशीच ह्यांनी साकुराची छाटली.

ह्यांच्या हाताखालचे हातानाका भेटले. म्हणाले, "ती फांदी कापली तेव्हा आम्ही खाली बर्फात उभे होतो, वहिनी. मनात आलं, विचारावं. पण तोकुझोसाननी करवत लावली म्हटल्यावर कोण विचारणार?"

"बरोबरच आहे," मी म्हटलं. कसला अभिमान वाटला!

२७ एप्रिल

पाकळ्या गळताहेत. खंदकात पाणीच दिसत नाही, काठापासून काठापर्यंत गुलाबी. एक बदक त्यातून गेलं, मागे काळी रेघ उमटली आणि बघता बघता बुजली. दुपारभर तेवढंच बघत बसले. घरी भात करायचा राहिला.

२८ एप्रिल

"उद्या येतो," म्हणाले! आपणहून!

२९ एप्रिल

आले. झाडाखाली टोपी काढून कितीतरी वेळ वर बघत राहिले. "केवढं फुललंय गं!" डोळे भरले होते ह्यांचे. मग खोडाजवळ गेले. कापलेल्या जागी बोटांनी ठोकून बघितलं आणि चेहरा लालबुंद. "भरीव आहे! धडधाकट फांदी होती ही! कुठल्या गाढवानं कापली?"

स्वतः कापलेली. फेब्रुवारीत. ह्यांना आठवतच नाही.

लोक बघायला लागले. "कुणी कापली, सांग ना!" मला विचारतात. तेवढ्यात हातानाका पुढे आले. एकदाच माझ्याकडे बघितलं, कमरेत वाकले आणि म्हणाले, "मी कापली, तोकुझोसान. चुकलं माझं."

हे त्यांना वाट्टेल ते बोलले. ते वाकलेलेच होते.